किराणा दुकानाची ३८८ बक्षिसे: जून ते दिवाळी

सातारा शहरातील आमच्या किराणा दुकानाला २०२४ च्या दसऱ्याला पंचवीस वर्षे पूर्ण होणार होती. १६ जूनला, रविवारी रात्री दुकान वाढवताना सासरे, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले की या दिवाळीला गिऱ्हाइकांसाठी काहीतरी करायला हवे. ‘काहीतरी’ म्हणजे काय हे ठरवण्याचे काम हिशेब सांभाळते म्हणून माझ्याकडे आले, आणि ते पुढचे साडेचार महिने पुरले. शोधाशोध केली तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या योजनांची माहिती भरपूर मिळाली. परंतु एका गल्ल्याच्या दुकानाने बक्षिसे कशी निवडावीत, याविषयी कोणी लिहिलेले मला सापडले नाही. म्हणून आमच्या चुकांसकट हे लिहून ठेवत आहे.

पहिली कल्पना माझ्या नवऱ्याची होती आणि ती आम्हा सगळ्यांना आवडली होती. पाचशे रुपयांच्या खरेदीवर एक कूपन द्यायचे, दिवाळीच्या आदल्या रविवारी सोडत काढायची, पहिले बक्षीस स्कूटर, दुसरे फ्रिज आणि पुढे पन्नास उत्तेजनार्थ. छापखान्यातून जाहिरातीच्या पत्रकाचा नमुनाही आला. त्याचे सहाशे रुपये झाले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जीएसटीच्या कागदांसाठी आमच्या सीएंकडे गेले असताना तो नमुना सहज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची जी व्याख्या आहे, तीत विक्री वाढवण्यासाठी घेतलेली सोडत किंवा नशिबावर चालणारी स्पर्धाही येते. बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून दडवणे हेही त्याच व्याख्येत आहे. दुसरी गोष्ट कराची. सोडतीतील बक्षीस दहा हजारांच्या वर गेले, की प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे त्यावर तीस टक्के कर लागतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर तो कर भरला गेल्याची खात्री करूनच देणाऱ्याने वस्तू हातात द्यायची असते. म्हणजे ऐंशी हजारांची स्कूटर जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी चोवीस हजार भरायला सांगणार, किंवा ते आम्ही भरणार. नवरा म्हणाला, गावोगाव अशी पोस्टर लागलेली दिसतात. सीए म्हणाले, पोस्टर लागले म्हणून ते नियमात बसले असे होत नाही. (हे सारे २०२४ चे, तुमच्या वेळी काय लागू आहे ते छापखान्यात जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. सहाशे रुपये वाचतील.)

मला स्वतःला सोडत गेल्याचे वाईट वाटले नाही. साडेतीनशे घरांनी वर्षभर सामान न्यायचे आणि स्कूटर एकाच्या दारात जायची, हे मनाला पटत नव्हतेच. फक्त तसे आधी बोलण्याचा धीर मला झाला नव्हता.

जुलैभर नियम ठरवण्यात गेला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ या वर्षातील खरेदी धरायची असे ठरले. त्यातील नऊ महिने होऊन गेलेले असल्याने बक्षिसासाठी कोणी नको ते सामान भरणार नव्हते आणि बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे तयार होते. तीन टप्पे केले: वर्षाला चोवीस हजारांच्या वर, अठ्ठेचाळीस हजारांच्या वर आणि शहाण्णव हजारांच्या वर. सप्टेंबरअखेर पहिल्या टप्प्यात २१२, दुसऱ्यात ११८ आणि तिसऱ्यात २७ खाती निघाली. तिसऱ्या टप्प्यात घरांखेरीज दोन खानावळी, एक वसतिगृह आणि चहाच्या काही गाड्या होत्या. धंद्यातील गिऱ्हाइकाला वर्षात वीस हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर करकपातीचे वेगळे कलम लागते, असे सीए म्हणाले. आमची बक्षिसे त्याच्या जवळपासही नव्हती.

अंदाजपत्रक एक लाख साठ हजारांचे केले. किराण्यातील नफा किती पातळ असतो हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. एकूण विक्रीच्या एक टक्क्याच्या आत राहायचे, एवढीच मर्यादा अण्णांनी घातली होती. माणशी अडीचशे, साडेपाचशे आणि अकराशे रुपये असा हिशेब बसला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे घाऊक दुकानदार सांगतो तो ‘कर वेगळा’ असा दर उपयोगाचा नाही, करासकट पडणारी किंमतच धरावी लागते. मी पहिल्या कोष्टकात हे विसरले होते आणि सगळे आकडे पुन्हा मांडले.

कोष्टक अण्णांना दाखवले तेव्हा त्यांनी वाचून परत दिले आणि विचारले, “रोख नेणाऱ्यांचे काय?” आमच्याकडे खाते नसलेली, रोजची रोज पुडी बांधून नेणारी माणसे पुष्कळ आहेत. पाव किलो तूरडाळ, दहा रुपयांची चहापत्ती, एक काडेपेटी. त्यांचे बिल निघत नाही, म्हणून सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नाहीतच. त्यांच्यापैकी काही जण दुकानाला पत्र्याचे छत होते तेव्हापासून येतात. माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. शेवटी अण्णांनी शंभर पानी वही घेतली आणि आठवेल तसे लिहीत गेले. नावे सगळ्यांची माहीत नव्हती. काही ठिकाणी ‘धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या, संध्याकाळी सात’, ‘वॉचमन, फक्त साबण’ असे लिहिले होते. आठ दिवसांत एकतीस जण झाले. मी विचारले, की बत्तिसाव्याने विचारले तर काय सांगायचे? अण्णा म्हणाले, “त्यालाही द्यायचे. मी विसरलो ही माझी चूक, त्याची नव्हे.” म्हणून सात नग जास्तीचे घ्यायचे ठरले आणि या एकतीस जणांना पहिल्या टप्प्याचेच बक्षीस द्यायचे, वेगळे, स्वस्तातले असे काही नाही, हेही तेव्हाच ठरले.

ऑगस्टमध्ये वस्तूंची निवड सुरू झाली. भिंतीवरचे घड्याळ सर्वांत आधी बाद झाले. आमच्याच घरात दुकानांच्या नावांची तीन घड्याळे आहेत आणि त्यांतले एक बंद आहे. चांदीचे नाणे सुचवणारे बरेच होते, कारण २३ जुलैच्या अर्थसंकल्पात आयात शुल्क घटल्याने चांदी उतरली होती. तो मोह टाळला ते बरे झाले, कारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चांदी किलोमागे लाखाच्या घरात पोहोचली आणि ऑगस्टच्या दराने केलेले कोणतेही कोष्टक तेव्हा कोलमडले असते.

गिऱ्हाइकांनाच विचारावे म्हणून मी काउंटरवर आठवडाभर बायकांना विचारून पाहिले. प्रत्येकीने “काहीही चालेल हो” असेच सांगितले. दुसरे काय सांगणार? मग विचारणे सोडले आणि ऐकू लागले. सामान बांधून झाल्यावर अनेक जणी हळूच विचारतात, “रिकामा डबा आहे का?” पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, बिस्किटांचा प्लॅस्टिकचा डबा, काहीही चालते, कुणाला गहू ठेवायचे असतात, कुणाला पापड. हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत होते आणि “उद्या या” म्हणत होते. पहिल्या टप्प्याचे बक्षीस तिथेच ठरले: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

१३ ऑगस्टला, मंगळवारी, सकाळच्या एसटीने आम्ही दोघे पुण्याला गेलो. स्वारगेटहून रविवार पेठेत, बोहरी आळीत. घाऊक खरेदीला पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, की स्टीलच्या भांड्यांचा खरा भाव वजनावर असतो, नगावर नाही. एकाच आकाराचे, एकाच चकाकीचे दोन डबे हातात घेतले तरच फरक कळतो. पत्रा पातळ असला, की झाकण दाबताना ‘टक’ असा आवाज येतो आणि कड आत जाते. पाच दुकाने फिरल्यावर एका ठिकाणी तीन किलो पीठ मावेल असा डबा पसंत पडला. करासकट २४४ रुपये, अडीचशे नग, नमुना सोबत घेऊन जा, चाळीस टक्के आगाऊ. नमुना घरी येऊन आमच्या काट्यावर ठेवला: ६४० ग्रॅम. मी तो आकडा डब्याच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहिला. ऑर्डरच्या कागदावर मात्र फक्त नग आणि दर लिहिला होता, वजन नाही. ही चूक पुढे महागात पडणार होती.

दुसऱ्या टप्प्यासाठी सोलापुरी चादर घेतली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तरीही त्या नावाने बाहेरच्या चादरी सर्रास विकल्या जातात, म्हणून ओळखीच्यांमार्फत सोलापुरातल्याच विणकराकडून मागवल्या. एकशेवीस नग, करासकट साडेपाचशेने, ट्रान्सपोर्टने तीन गठ्ठे. ठरल्या दिवशी आल्या, एकही खराब नाही. याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही घडले नाही, हीच त्या व्यवहाराची मोठी गोष्ट.

तिसऱ्या टप्प्यासाठी तीन लिटरचा कुकर ठरवला होता. कुकर घेताना आयएसआय चिन्ह, आयएस २३४७ हा क्रमांक आणि खाली सीएमएलपासून सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला, की उत्पादकाचे नाव दिसते. पहिल्या घाऊक दुकानातील कुकरवर चिन्ह होते, परंतु परवाना क्रमांक वाचता येत नव्हता, म्हणून तेथून निघालो. दुसरीकडे १,०९० रुपयांना मिळाला. ऑर्डर देण्याआधी सत्तावीस जणांना फोन केले, आणि ते केले म्हणून बरे झाले, खानावळीच्या मावशी हसून म्हणाल्या, “ताई, तीन लिटरच्या कुकरात माझ्याकडे मांजराचा भात होईल.” आठ जणांनी कुकरऐवजी पुढच्या बिलात अकराशे रुपये सूट मागितली. बिलावरच दाखवलेली सूट कराच्या दृष्टीने सर्वांत सोपी, असे सीए म्हणाले. मग सगळ्यांनाच सूट का देऊ नये, असा प्रश्न रात्री जेवताना निघाला. अण्णा म्हणाले, सूट विसरली जाते, डबा राहतो. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “नको असलेला डबाही राहतो.” पुढे कोणी बोलले नाही, आणि ठरलेले तसेच राहिले.

डबे २० सप्टेंबरला येणार होते. आईंनी पंचांग काढून दाखवले, की तेव्हा पितृपंधरवडा आहे आणि नवी भांडी त्या दिवसांत घरात घ्यायची नाहीत. मला हे पटत नव्हते, पण डबे ज्यांच्या घरी जाणार होते त्यांतील निम्म्या घरांत हेच पाळतात. व्यापाऱ्याला फोन करून माल घटस्थापनेनंतर मागवला. तो ४ ऑक्टोबरला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी एक डबा काट्यावर ठेवला. ५२० ग्रॅम. दुसरा ठेवला, ५१५. वीस डबे मोजले. एकही साडेपाचशेच्या वर गेला नाही. धनत्रयोदशी २९ तारखेला होती.

व्यापारी फोनवर म्हणाला, आकार तोच आहे, दर नगाचा ठरला होता. कागदावर त्याचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे होते ते दोनच: बुडाला वजन लिहिलेला नमुना, आणि न दिलेली साठ टक्के रक्कम. तीन दिवस फोन, काट्यावरच्या डब्यांचे फोटो, मग नवरा पुन्हा पुण्याला. शेवटी माल बदलून द्यायला तो तयार झाला, जाण्यायेण्याचा टेम्पो आमच्या खर्चाने. ते दहा-बारा दिवस मला झोप नीट लागली नाही, हे कबूल करायला हरकत नाही. ऑर्डरच्या कागदावर ‘प्रति नग वजन ६४० ग्रॅम, दहा ग्रॅम कमीजास्त’ एवढी एक ओळ पुरली असती.

त्याच सुमारास दुसरी चूक केली आणि ती पूर्णपणे माझी. निकाल सर्वांना कळला पाहिजे म्हणून ६ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, नावे आणि वर्षाची खरेदी असलेली यादी दुकानाच्या दारावर लावली. दुपारपर्यंत तिच्यापुढे गर्दी झाली होती, पण स्वतःचे नाव शोधायला नव्हे. शेजारी किती खर्च करतात ते वाचायला. एक बाई आत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्या जावेला कळले, आता घरात विषय निघेल.” यादी लगेच काढली. संध्याकाळी फक्त खाते क्रमांक आणि टप्पा लिहिलेला कागद लावला आणि नावे प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगवेगळी कळवली. त्या बाईंची माफी मागितली, पण गेलेली गोष्ट परत आली नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. हे आमच्या डोक्यातच नव्हते. स्टीलचे अडीचशे डबे भरलेला टेम्पो निवडणुकीच्या दिवसांत रस्त्यावर दिसला तर कोणालाही शंका येणार. १९ तारखेला शिरवळजवळच्या तपासणीत तो थांबवला. बिल, दुकानाचे जीएसटी प्रमाणपत्र आणि मोबाइलवरची आमची जुनी ऑर्डर पाहून, फोटो काढून सुमारे पाऊण तासाने सोडला. माल एक लाखाच्या आतला, राज्यातल्या राज्यात जाणारा, म्हणून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन बिल, लागत नव्हते. पण बिल चालकाकडे छापील असायलाच हवे. त्यानंतर सीएंच्या सांगण्यावरून निवडणूक कार्यालयात एक पत्र दिले: योजना जुलैपासूनची, वाटप दुकानातच, कोणत्याही पक्षाचा संबंध नाही, सोबत खाते क्रमांकांची यादी. परवानगी मागितली नव्हती, माहिती दिली होती. पोहोच म्हणून शिक्का मिळाला आणि तो कागद वाटपाच्या तिन्ही दिवशी गल्ल्यात होता. ‘वाटपाला साहेबांना बोलवू का’ असे एक ओळखीचे कार्यकर्ते विचारून गेले. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

वाटप २५ ते २७ ऑक्टोबर, दुपारी दोन ते पाच. फराळाच्या सामानाची गर्दी सकाळ-संध्याकाळ असते, म्हणून ही वेळ निवडली आणि ती बरोबर ठरली. डब्यावर दुकानाचे नाव ठळक छापावे असे नवऱ्याचे मत होते. आम्ही ते टाळले. त्याऐवजी भांड्यांवर नावे घालणारा कारागीर रोजी बाराशे रुपयांनी तीन दिवस बसवला. बुडाला ‘दिवाळी २०२४’ आणि वर ज्याला जे हवे ते नाव.

बक्षीस निवडण्यात जे राहून गेले होते, ते तिथे बसल्यावर कळले. खाती बहुतेक पुरुषांच्या नावावर आहेत. कारागीर खात्यावरचे नाव वाचून सुई लावू लागला, की समोरची बाई थबकायची. पहिल्या दिवशी दोघींनी धीर करून स्वतःचे नाव घालायला सांगितले, तेव्हापासून मी प्रत्येकीला आधीच विचारू लागले, “नाव कुणाचे घालायचे?” एकीने सासूचे घातले, एकीने लग्नाला वर्ष झालेल्या लेकीचे, पुष्कळ जणींनी स्वतःचे. अण्णांच्या वहीतील, पाव किलो डाळ नेणाऱ्या एका आजींनी मात्र डबा झाकण लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “नाव नको बाई. उद्या मोडीत घालायचा झाला तर अडचण होते.” कारागीर हसला. मी नाव न घालता डबा पिशवीत दिला. एक व्यावहारिक सूचना: नाव घातलेली वस्तू बदलून देता येत नाही, तेव्हा झाकण बसते का हे आधी त्यांच्यासमोर पाहून घ्यावे. दोन डब्यांची झाकणे सैल निघाली, ती सुदैवाने नाव घालण्यापूर्वी.

बत्तिसावे गिऱ्हाईक आले. चौतिसावेही आले. जास्तीच्या सातांपैकी चार डबे असेच गेले.

हिशेब असा झाला: डबे ६१,०००, चादरी ६६,०००, एकोणीस कुकर २०,७१०, आठ जणांची सूट ८,८००, कारागीर ३,६००, टेम्पो आणि हमाली ७,४००, छपाई आणि चिठ्ठ्या २,३००. एकूण १,६९,८१०, म्हणजे ठरवल्यापेक्षा ९,८१० जास्त. त्यातला मोठा भाग वजन न लिहिल्याचा. पाठच्या खोलीत संक्रांतीपर्यंत नऊ डबे आणि चार चादरी उरल्या होत्या, त्यांत तीन डबे आणि दोन चादरी जास्तीच्या. आई म्हणाल्या, हळदीकुंकवाला वाण म्हणून देऊन टाकू. जास्तीचे त्यांना दिले, पण बाकीच्या सहा डब्यांवर आणि दोन चादरींवर खाते क्रमांकाच्या चिठ्ठ्या आहेत, म्हणून ते माळ्यावर ठेवले. मुलाकडे मुंबईला गेलेले एक काका फेब्रुवारीत परत आले आणि आपला डबा घेऊन गेले. नाव घालायला आता कारागीर नव्हता; ते म्हणाले, मी खिळ्याने घालतो.